पलीकडची गल्ली घाण का दिसते?

विद्यार्थिमित्रांनो, उन्हाळ्याच्या दिवसांत आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या कोणत्याही मोठ्या गावात सकाळी एक फेरफटका मारा. एखाद्या गल्लीत दारोदार निळी पिंपे मांडलेली दिसतील. पिंपांशेजारी घागरी, कॅन, पत्र्याचे डबे. रबरी नळ्या रस्त्यावर आडव्यातिडव्या पसरलेल्या. कोपऱ्यावर दोन-तीन शेळ्या बांधलेल्या. तिथून पुढच्या गल्लीत वळलात, तर रस्ता अगदी मोकळा. दारात तुळशीवृंदावन, फार तर एखादी मोटारसायकल. आता मला सांगा, यांपैकी कोणती गल्ली नीटनेटकी आणि कोणती बेशिस्त?

तुम्ही उत्तर दिलेत, होय ना? पण जरा थांबा. नळाला पाणी दोन्ही गल्ल्यांत तितक्याच दिवसांनी येते. पाणी साठवून ठेवावे लागते तेही दोन्हीकडे. फरक इतकाच, की दुसऱ्या गल्लीतील घरांना अंगणाखाली हौद आहेत आणि गच्चीवर टाक्या आहेत. पहिल्या गल्लीतील घरे दोन खोल्यांची. तिथे पिंप ठेवायला दारापुढचाच रस्ता. म्हणजे साठा दोन्हीकडे आहे. एकीकडे तो जमिनीखाली दडला आहे, दुसरीकडे तो उघड्यावर आहे. आपल्या डोळ्यांनी पाहिला तो हौदाचा फरक आणि आपल्या मनाने नोंदवला तो माणसांचा फरक!

असे का होते? दुसऱ्याची वस्ती आपल्याला आपल्या वस्तीपेक्षा अधिक गबाळी, अधिक गोंगाटी, अधिक धोक्याची का वाटते? हा प्रश्न समाजशास्त्राचा आहे, तसाच तो मापनाचाही आहे. आणि मापन म्हटले की भौतिकशास्त्राच्या मास्तरांना गप्प बसवत नाही. तेव्हा चला, या प्रश्नाकडे आज आपण एक मापनयंत्र तपासावे त्या पद्धतीने पाहू. यंत्र कोणते? आपले स्वतःचे डोळे, आणि त्यांच्या मागे बसलेले मन.

तीन पातेली आणि दोन तुकडे

आधी दोन छोटे प्रयोग. ते घरी करता येतील.

तीन पातेली घ्या. एकात सोसवेल इतके गरम पाणी, दुसऱ्यात माठातले गार पाणी आणि मधल्या पातेल्यात कोमट पाणी. उजवा हात गरम पाण्यात आणि डावा हात गार पाण्यात मिनिटभर बुडवून ठेवा. मग दोन्ही हात एकदम कोमट पाण्यात घाला. उजवा हात म्हणेल, पाणी गार आहे. डावा म्हणेल, ऊन आहे. पाणी एकच, हातही तुमचेच. पण निकाल दोन! आपली त्वचा तापमापकासारखी तापमान मोजत नाही. ती आधी ज्याची सवय झाली होती त्याच्याशी तुलना करते.

दुसरा प्रयोग. करड्या रंगाच्या एकाच कागदातून सारखे दोन चौकोन कापा. एक पांढऱ्या पुठ्ठ्यावर ठेवा, दुसरा काळ्या पुठ्ठ्यावर. पांढऱ्यावरचा चौकोन गडद वाटेल, काळ्यावरचा फिकट वाटेल. दोन्ही एकाच कागदाचे आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे, तरीही डोळा ऐकत नाही.

या गमतीचा पहिला पद्धतशीर अभ्यास मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने केला. पॅरिसमधल्या गोबेलँ या प्रसिद्ध विणकामशाळेत तो रंगखात्याचा प्रमुख होता. तिथे तक्रार आली, की काळा रंग पुरेसा गडद उतरत नाही. शेव्रलने रंग तपासला, तर रंगात काहीच खोट नव्हती. दोष होता तो काळ्या धाग्याच्या शेजारी विणलेल्या दुसऱ्या रंगांच्या धाग्यांचा! शेजार बदलला की तोच काळा रंग वेगळा दिसे. त्याचा या विषयावरील ग्रंथ १८३९ साली प्रसिद्ध झाला.

या दोन प्रयोगांतून आपल्याला यंत्राचे दोन गुणधर्म कळले. एक, त्याला सवय होते. दोन, ते वस्तू एकटी पाहत नाही, तिच्या पार्श्वभूमीसह पाहते. आता हे यंत्र घेऊन आपण पुन्हा गल्लीत जाऊ.

आपली शेळी आणि मोकाट शेळी

साखर कारखान्याच्या आसपास राहणाऱ्या मुलांना मळीचा वास येतो का, विचारून पाहा. ती म्हणतील, कसला वास? पाहुणा मात्र मोटारीतून उतरताच नाकाला रुमाल लावील. नाकाला सवय झाली की मेंदू त्या वासाची बातमी पुढे पाठवणेच थांबवतो. आपल्या गल्लीतल्या तुंबलेल्या गटाराचेही तसेच आहे. ते रोज दिसते, म्हणून ते दिसेनासे होते. दुसऱ्या गल्लीतील गटार मात्र नवे असते, म्हणून ते टोचते.

पण केवळ सवय एवढेच कारण नाही. आपल्या गल्लीतील प्रत्येक पसाऱ्याचे कारण आपल्याला ठाऊक असते. विटांचा ढीग? काकांच्या घराचे बांधकाम अडले आहे, स्लॅबचे पैसे सुगीनंतर यायचे आहेत. रात्री ओरडा कसला झाला? समोरच्या आजींना दवाखान्यात न्यायचे होते. रस्त्यात शेळी? ती तर आपली चंद्री, दावे तोडून आली असेल. उस्मानाबादी शेळीचे नाव आपल्या जिल्ह्याने देशभर नेले. तिच्याबद्दल आपल्याला कौतुकच असते. परंतु तीच काळी शेळी नाल्यापलीकडच्या वस्तीत रस्त्यात उभी दिसली, की आपण म्हणतो, “काय ही मोकाट जनावरे! या लोकांना शिस्तच नाही.”

पाहा, काय झाले ते. आपल्या गल्लीतील घटनेचे कारण आपण परिस्थितीत शोधले. पलीकडच्या गल्लीतील घटनेचे कारण माणसांच्या स्वभावात शोधले. मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या या खोडीचा पुष्कळ अभ्यास केला आहे. स्वतः ठेचकाळलो तर दगड वाटेत होता, दुसरा ठेचकाळला तर तो वेंधळा! जे एका माणसाबद्दल, तेच अख्ख्या वस्तीबद्दल.

ऐकलेले आणि पाहिलेले

आता थोडे गणित करू. घाबरू नका, सरासरीपलीकडे काही नाही.

प्रयोगशाळेत एकाच राशीची दोन मापने मिळाली आणि त्यांतले एक अधिक विश्वसनीय वाटले, तर आपण त्याला जास्त भार देऊन सरासरी काढतो. आपले मनही नकळत असेच करते. त्याच्यापाशी दोन मापने असतात. एक, आज डोळ्यांनी पाहिलेले. दुसरे, आधीपासून ऐकलेले.

समजा, अव्यवस्थेला ० ते १० असे गुण द्यायचे आहेत. शून्य म्हणजे अगदी टापटीप, दहा म्हणजे सगळा गोंधळ. अ आणि ब अशा दोन गल्ल्या आहेत. दोन्हींत तुम्ही एकेक फेरी मारली आणि दोन्हींत जे दिसले ते ४ गुणांचेच होते. पण अ गल्लीबद्दल तुम्ही आधी चांगले ऐकले आहे. मनात तिचे गुण आहेत २. ब वस्तीबद्दल वाईट ऐकले आहे. तिचे गुण आहेत ८. आणि एका फेरीला तुमचे मन १ भार देते, तर ऐकीव माहितीला ३. मग मनातला निकाल असा लागतो :

अ गल्ली : (१ × ४ + ३ × २) ÷ ४ = २.५

ब वस्ती : (१ × ४ + ३ × ८) ÷ ४ = ७

दिसले दोन्हीकडे चारच. पण एक अडीच ठरली आणि दुसरी सात! आणि यात आपण मुद्दाम खोटे बोललो असे मुळीच नाही. अंधारात ठेच लागू नये म्हणून आधीच्या माहितीचा उपयोग करणे ही तर बुद्धीची सोय आहे.

यावर उपाय काय? अर्थात अधिक फेऱ्या. बारा फेऱ्या मारल्या आणि प्रत्येक वेळी चारच गुण दिसले, तर अ गल्लीचा निकाल (४८ + ६) ÷ १५ = ३.६ आणि ब वस्तीचा (४८ + २४) ÷ १५ = ४.८ येतो. दोन्ही आकडे खऱ्या ४ कडे सरकले. जसजशा फेऱ्या वाढतील, तसतसे ते आणखी जवळ येतील.

मात्र इथेच मेख आहे. ज्या वस्तीचे नाव वाईट, तिकडे आपण जातच नाही. गेलो तरी घाईघाईने, खिसा सांभाळत. मग फेऱ्या वाढायच्या कशा?

दुसरी मेख ऐकीव माहितीची. “दहा जणांनी सांगितले” असे आपण म्हणतो. पण वर्गातल्या दहा मुलांनी एकाच मुलाच्या वहीतून निरीक्षणे उतरवून घेतली, तर ती दहा निरीक्षणे होतात का? मुळीच नाही, ते एकच निरीक्षण, दहा वेळा लिहिलेले. वस्तीबद्दलच्या वदंता बहुधा अशाच उतरवून घेतलेल्या असतात. सांगणारे दहा, पाहणारा एक. आणि त्या एकानेही पाहिलेले असते वीस वर्षांपूर्वी!

शिकागोच्या रस्त्यांवरील मोटार

हे सारे केवळ तर्क आहेत, की कोणी मोजूनही पाहिले? मोजून पाहिले आहे. अमेरिकेतील शिकागो शहरात १९९५ साली संशोधकांनी एक मोटार रस्त्यारस्त्यांतून अगदी सावकाश फिरवली. मोटारीच्या दोन्ही बाजूंनी व्हिडिओ कॅमेरे रस्त्याचे चित्रण करत होते. वीस हजारांहून अधिक रस्त्यांच्या तुकड्यांचे चित्रण झाले. नंतर कचरा, रिकाम्या बाटल्या, भिंतींवरील लिखाण, सोडून दिलेल्या मोटारी अशा गोष्टींची ठरावीक यादीनुसार नोंद करण्यात आली. हे झाले यंत्राचे माप. दुसरीकडे त्याच भागांतील रहिवाशांना विचारण्यात आले, की तुमच्या भागात कचरा, दारू पिऊन हिंडणे, भिंती रंगवणे यांचा त्रास कितपत आहे? हे झाले मनाचे माप.

रॉबर्ट सॅम्पसन आणि स्टीफन राउडनबुश या दोन संशोधकांनी ही दोन्ही मापे शेजारी शेजारी ठेवली आणि निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध केले. रस्त्यावर कचरा जास्त, तर लोकांना अव्यवस्था जास्त वाटत होती. यात नवल नाही. नवल पुढेच आहे. कॅमेऱ्याला सारखीच अव्यवस्था दिसलेल्या दोन भागांपैकी ज्या भागात गरीब आणि कृष्णवर्णीय लोकांचे प्रमाण जास्त होते, तिथे लोकांना अव्यवस्था अधिक वाटत होती. आणि सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट ही, की असे केवळ गोऱ्या लोकांनाच वाटत होते असे नाही. कृष्णवर्णीय रहिवाशांच्या उत्तरांतही तोच कल होता!

म्हणजे वस्तीवर बसलेला शिक्का बाहेरच्याच्या डोळ्यांत राहतो, तसाच तो आतल्या माणसाच्या डोळ्यांतही उतरतो. तुमच्या वर्गातही अशी मुले असतील, जी पत्ता विचारला की गल्लीचे नाव न सांगता जवळच्या चौकाचे नाव सांगतात. ते का, हे आता तुमच्या ध्यानात येईल.

याच विषयात ‘फुटक्या खिडक्यां’चा एक सिद्धांत फार गाजला. जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांनी तो १९८२ साली मांडला. एक फुटकी खिडकी तशीच राहू दिली, की लोक समजतात इथे कोणाचे लक्ष नाही. मग बाकीच्या खिडक्या फुटतात आणि हळूहळू गुन्हेही वाढतात, असे त्यांचे म्हणणे. ऐकायला हे पटते. परंतु शिकागोच्या चित्रणाचा अभ्यास करताना सॅम्पसन आणि राउडनबुश यांना १९९९ साली असे आढळले, की कचरा आणि गुन्हे यांतला बराचसा संबंध वरवरचा आहे. दोहोंच्या मुळाशी एकवटलेली गरिबी आहे. आणि शेजारी परस्परांवर विश्वास ठेवून एकमेकांच्या मदतीला धावतात का, हा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. तेव्हा कचरा पाहून “इथे चोर राहतात” असे अनुमान काढणे हे शास्त्राला धरून नाही.

कायद्याने मारलेला शिक्का

शिकागो दूर राहिले. आपल्या घराजवळ या.

ब्रिटिश सरकारने १८७१ साली ‘क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट’ म्हणजे गुन्हेगार जमातींचा कायदा केला. प्रथम तो उत्तरेकडील प्रांतांपुरता होता. १९११ नंतर तो मुंबई आणि मद्रास इलाख्यांपर्यंत पोचला. या कायद्याने अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. माणसाने काय केले हे पाहायचे नाही, तो कोणत्या पालात जन्मला एवढेच पाहायचे! अशा माणसांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे, परवान्यावाचून गाव सोडता येत नसे. आपल्या शेजारी सोलापूरला तर अशा लोकांची तारेच्या कुंपणातली ‘सेटलमेंट’ होती. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. म्हणून या जमातींना ‘विमुक्त’ म्हणतात, आणि हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो.

कायदा गेला, डोळ्यांतला शिक्का गेला का? लातूर तालुक्यातील धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांनी ‘उचल्या’ या आत्मकथनात त्याचे उत्तर दिले आहे. लातूर जिल्हा १९८२ साली वेगळा झाला. त्यापूर्वी हा सारा मुलूख आपल्याच, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे. ‘उचल्या’ १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी ते जरूर वाचावे.

या शिक्क्यामागेही एक मापनाचा दोष आहे. समजा, शंभर शंभर घरांच्या दोन वस्त्या आहेत आणि दोन्हींत पाच पाच घरांत चोरीचा माल आहे. एका वस्तीतील शंभरही घरांची झडती घेतली, तर पाच घरे सापडतील. दुसरीतील दहाच घरांची घेतली, तर सरासरीने अर्धे घर, म्हणजे बहुधा एकही नाही. मग कागदावर काय उतरेल? पहिली वस्ती चोरांची, दुसरी सज्जनांची. आणि पुढच्या वेळी झडतीला पुन्हा कुठे जायचे, हेही त्याच कागदावरून ठरेल! गणपतीच्या मांडवात ध्वनिक्षेपकाचा आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरला की कर्कश शिट्टी वाजू लागते, हे तुम्ही ऐकले असेल. बाहेर पडलेलेच पुन्हा आत जाते आणि फुगत राहते. इथेही तेच घडते. वस्तीचे नाव वाईट म्हणून तिथल्या मुलाला कामावर घेत नाहीत, दुकानदार उधारी देत नाही, घंटागाडी रोज येत नाही. मग वस्ती खरोखरच खालावते, आणि आपण म्हणतो, “बघा, आम्ही म्हणत नव्हतो?”

किल्लारीनंतरची गावे

आता एक वेगळे उदाहरण घ्या. यात बाहेरून पाहणारी माणसे दुष्ट नव्हती. उलट मदतीला आली होती.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होऊन गेलेली. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि आपल्या जिल्ह्यातील उमरगा, लोहारा या भागांतली गावे ढासळली. सास्तूर हे त्यांतलेच एक. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो. त्या पहाटे सारी गल्ली अंगणात येऊन बसली होती, ते अजून आठवते.

इतकी माणसे का गेली? गोल दगड मातीत रचलेल्या जाड भिंती आणि त्यांवर मातीची जड माळवदे. धक्क्याने भिंतीचे दोन पदर सुटले आणि माळवद खाली आले. या बाबतीत बाहेरून आलेल्या अभियंत्यांचे निदान बरोबर होते. बाहेरचा डोळा नेहमीच चुकतो असे समजू नका. सवयीने आपल्याला न दिसणारा धोका त्याला दिसू शकतो.

पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. सरळ रेषेतील रुंद रस्ते, सारख्या आकाराचे भूखंड, ओळीने घरे. नकाशावर पाहिले तर किती सुंदर! जुनी गावे त्यापुढे नुसता गुंता वाटत. पण त्या गुंत्याला कारणे होती. अरुंद बोळात दुपारी दोन्ही भिंतींची सावली पडे. एका भावकीची घरे एकमेकांना खेटून असत. म्हातारी माणसे ओसरीवर बसल्या बसल्या पोरे सांभाळत. नवे गाव पसरले, अंतरे वाढली. मग लोकांनी आपापल्या गरजेप्रमाणे पडव्या काढल्या, गोठे बांधले, कुंपणे घातली. आता बाहेरचा पाहुणा येतो आणि म्हणतो, “एवढे आखीव गाव करून दिले, पण लोकांनी त्याची रया घालवली!” तो ज्याला बिघाड म्हणतो, ती त्या घराची गरज असते.

यावरून जुने ते सारे सोने, असेही म्हणू नका. जुन्या गावाच्या रचनेत कोणाची घरे गावकुसाबाहेर असावीत हेही ठरलेले होते. तीही एक ‘व्यवस्था’च, आणि ती अन्यायाची होती. मुद्दा इतकाच, की ज्या व्यवस्थेची किल्ली आपल्यापाशी नाही ती आपल्याला गोंधळ वाटते. आणि जी रेषेत दिसते ती नेहमीच चांगली असते असेही नाही.

स्टॉपवॉचची गोष्ट

इतके सांगितल्यावर स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी मी साध्या लंबकाचे प्रात्यक्षिक घेत होतो. एका टेबलावरचे स्टॉपवॉच सापडेना. शोधाशोध सुरू झाली. त्या टेबलावर चार मुले होती. त्यांतला एक गावाबाहेरच्या पालांच्या वस्तीतून येणारा. कोणी काही बोलले नाही. पण सगळ्यांच्या नजरा एकाच दिशेला वळल्या, आणि खरे सांगायचे तर माझीही वळली. त्या मुलाने कोणी न सांगता आपली पिशवी टेबलावर पालथी केली. दोन वह्या, एक डबा, एक कंपासपेटी.

तासाच्या शेवटी स्टॉपवॉच सापडले, ते माझ्याच खणात! सेल संपला म्हणून सकाळी मीच ते तिथे ठेवले होते आणि विसरलो होतो. मी सगळ्या वर्गासमोर त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, “सर, माझी तीन रीडिंग राहिलीत. दुसरे घड्याळ मिळेल का?”

व्हर्निअर कॅलिपर हाती घेतला की आपण पहिल्यांदा त्याचे जबडे मिटून शून्य जुळते का पाहतो. जुळत नसेल, तर तेवढी चूक प्रत्येक मापातून वजा करतो. ही गोष्ट मी शेकडो मुलांना शिकवली आहे. स्वतःच्या नजरेचे शून्य तपासायचे मात्र त्या दिवसापर्यंत मला सुचले नव्हते. आणि नजरेची चूक कॅलिपरसारखी ठरावीकही नसते. ती वस्तीगणिक बदलते. म्हणून ती नुसती वजा करून भागत नाही. तिथे मोजावेच लागते.

करून पाहा

तेव्हा हा प्रयोग तुमच्या वर्गात करा. शिक्षकांनी पुढाकार घेतला तर उत्तमच.

१. गावातील दोन गल्ल्या निवडा. वर्गातली काही मुले एका गल्लीत राहणारी असावीत, काही दुसरीत.

२. मोजण्यापूर्वी प्रत्येकाने दोन्ही गल्ल्यांना अव्यवस्थेचे ० ते १० गुण कागदावर लिहून द्यावेत. नाव लिहू नये. हे कागद पाकिटात बंद करून ठेवावेत.

३. काय मोजायचे याची यादी आधी ठरवा : कचऱ्याचे ढीग, तुंबलेली गटारे, बंद पडलेले दिवे, रस्त्यावरचे खड्डे, उघड्यावर वाहणारे पाणी. “घाणेरडेपणा” असला शब्द यादीत नको. मोजता येईल तेच लिहा. पिंपे मोजायची, तर गच्चीवरच्या टाक्याही मोजा.

४. दोन्ही गल्ल्यांत शंभर शंभर पावले चाला. एकाच दिवशी, एकाच वेळी. कचरा उचलण्यापूर्वी एका गल्लीत आणि उचलल्यानंतर दुसऱ्या गल्लीत मोजले, तर सारा प्रयोग फुकट.

५. प्रत्येक गल्लीत दोन मुलांनी स्वतंत्रपणे मोजावे : एक तिथलाच, एक बाहेरचा. एकमेकांची वही पाहू नये. लोकांची परवानगी घ्या आणि कोणाच्या घरात डोकावू नका.

६. शेवटी पाकीट उघडा. मनाने दिलेले गुण आणि मोजलेल्या संख्या शेजारी शेजारी मांडा. स्वतःच्या गल्लीत कोणाला काय दिसले नाही, याचीही नोंद करा.

निकाल काय येईल हे मी सांगणार नाही. कदाचित तुमच्या मनाचे माप बरोबरच निघेल. कदाचित पलीकडची गल्ली खरोखरच अधिक अव्यवस्थित असेल. तसे निघाले तर पुढचा प्रश्न विचारा : तिथे घंटागाडी आठवड्यातून किती वेळा येते? दिवे किती दिवस बंद आहेत? तक्रार कोणी ऐकून घेतली का? मोजणीतून निघालेल्या प्रश्नांना नगरपालिकेला उत्तर द्यावे लागते. नुसत्या “ते लोकच तसले” या वाक्याला कोणीच उत्तर देत नाही.

आपल्या जिल्ह्याचे नाव २०२३ साली बदलले. पाट्या बदलायला काही महिने पुरले. मनात एखाद्या वस्तीला दिलेले नाव बदलायला मात्र किती काळ लागतो, हे आपण पाहिलेच. ते बदलण्यासाठी सरकारी हुकूम लागत नाही. लागते ती एक वही, एक पेन्सिल आणि नाल्यापलीकडे जाऊन शंभर पावले चालण्याची तयारी. चला तर मग, येत्या रविवारी सकाळी निघू या. मात्र पहिली शंभर पावले आपापल्याच गल्लीत मोजा!